डाव्या काठावरची ओळ

१

सोमवारी सकाळी कपाटातला खोका उघडला, तेव्हा आत पाटीच्या आकाराचा खळगा होता आणि पाटी नव्हती.

पाटी म्हणजे तळहाताएवढी मातीची वडी. पावणेचार हजार वर्षांपूर्वी दक्षिण इराकात कुणीतरी ओल्या मातीवर बोरूनं खिळ्यांच्या आकाराची कीलाक्षरं टोचली आणि वडी वाळायला ठेवून दिली. तिच्यावर बुडून मेलेल्या एका मुलीचं शोकगीत होतं. शेवटी, डाव्या काठावर, लिहिणाऱ्याचं नाव होतं, कुन्निया. जगात ज्या मूठभर लोकांना असल्या गोष्टींचं वेड आहे त्यांना ही पाटी घरच्या माणसासारखी ओळखीची होती. उरलेल्या जगाचं तिच्यावाचून काही अडलं नव्हतं.

इन्स्पेक्टर थेक्ला ब्रुन्सचंही अडलं नव्हतं, पण हरवलेल्या कलावस्तू शोधणं हे तिचं काम होतं. निवृत्तीला आलेली, गुडघ्यानं दगा दिलेली, फटकळ बाई. इतक्या वर्षांत ती एक गोष्ट शिकली होती. चोर बहुधा सापडतो, वस्तू सापडत नाही, आणि सापडलीच तर जिची वाट बघत लोक बसलेले असतात ती ही नसते. तरी ती गाडी काढून जर्मनीतल्या लांगेनरोडाची टेकडी चढली. नोव्हेंबरचं धुकं इतकं दाट होतं की विद्यापीठाचा मनोरासुद्धा कुणी उचलून नेला असता तर दुपारपर्यंत कळलं नसतं.

कपाटाचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या चौघांकडे होत्या. पहिले डॉक्टर टीडमान, या पाट्या सांभाळणाऱ्या विद्यापीठाच्या संस्थेचे हंगामी प्रमुख. नवा प्रमुख नेमायचा विद्यापीठाचा विचार नव्हता आणि विभाग बंदच करायचा होता, त्यामुळे त्यांचं हंगामीपण कायमचं झालं होतं. दुसरे प्रोफेसर ओट्टोकार वाइडलिश, निवृत्त, पण ज्यांच्या पुस्तकामुळे कुन्निया जगाला कळला ते हेच, म्हणून किल्ली त्यांच्याकडे मानानं राहिली होती. तिसऱ्या गेझिने ओल्टहोफ, पाट्यांची निगा राखणाऱ्या. चौथी रफीफ कत्तान, मोसुलहून आलेली, डॉक्टरेट करणारी मुलगी.

"मला कुणाचं नाव घ्यायचं नाही," टीडमान म्हणाले, आणि लगेच नाव घेतलं. "पण शुक्रवारी ती पाटी शेवटची रफीफच्या हातात होती."

२

टीडमान उंच, नीटनेटका माणूस होता. त्याच्या टेबलावर एकही पाटी नव्हती, नुसते पडदे होते. संग्रहातली प्रत्येक पाटी संगणकावर उतरवायची, म्हणजे जगात कुणालाही ती वाचता येईल, हे त्याचं काम. पडद्यावर त्यानं पाटीचे फोटो दाखवले, पुढची बाजू आणि मागची बाजू. गुरुवारीच काढलेले.

"आणि काठ?" थेक्लानं विचारलं. "ते नाव काठावर होतं म्हणता ना?"

टीडमाननं खाली बघितलं. काठांचे फोटो पुढच्या महिन्यात काढायचे होते. थेक्लाला हसू आलं नाही. ज्या वस्तूचा फोटो पुढच्या महिन्यात काढायचा असतो तीच या महिन्यात जाते, हेही तिच्या अनुभवातलं होतं.

मग त्यानं तिला उतारा दाखवला. कीलाक्षरांचे उच्चार आपल्या अक्षरांत ओळीनं मांडलेले आणि मधेमधे चिन्हं पेरलेली. थेक्लाला वाटलं, मांजर कीबोर्डवरून चालून गेलं असावं.

"चिन्हांवरच सगळं आहे," टीडमान म्हणाला. आता प्रथमच तो मनापासून बोलत होता. "अक्षरापुढे हॅश, म्हणजे अक्षर ठेचलंय पण दिसतंय. प्रश्नचिन्ह, म्हणजे दिसतंय पण वाचणाऱ्याची खात्री नाही. एक्स, म्हणजे अक्षर आहे आणि लागतच नाही. आणि चौकोनी कंस म्हणजे तिथं मातीच नाही. कंसात जे लिहिलंय ते आमच्या डोक्यातलं, पाटीवरचं नव्हे."

"आणि कुणी कंस घालायचा राहिला तर?"

"आमच्यात माणसं बायकोशी खोटं बोलतात, कर खात्याशी बोलतात," टीडमान म्हणाला. "कंसाशी नाही बोलत. पहिल्या वर्षाच्या पोरांच्या बोटांत ते इतकं भिनवलेलं असतं की वाणसामानाची यादी करतानाही ती अडखळतात."

थेक्लानं एक काम सांगितलं. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांना धाडायला पाटीचं वर्णन हवं होतं. चौघांनी वेगवेगळं बसून, एकमेकांना न विचारता, पाटीवर काय होतं ते आपापल्या पद्धतीनं द्यावं. टीडमाननं मान हलवली. उठता उठता तो म्हणाला, "शुक्रवारी जाताना रफीफ मला म्हणाली होती, सोमवारी एक गोष्ट दाखवते. प्रोफेसरांना आवडणार नाही म्हणाली."

३

रफीफ वाचनालयाच्या कोपऱ्यात अंगातला कोट न काढता बसली होती. तिला घरी जायला सांगितलं होतं, पण जाऊ नये असं तिला वाटत होतं. गेलं की परत येऊ देणार नाहीत, ही भीती तिनं सरळ बोलून दाखवली.

"मोडलेलं बघायची मला सवय आहे," ती म्हणाली. "मी मोसुलची आहे. पण मोडलेल्याचे निदान तुकडे तरी असतात."

थेक्लानं तिला काय सापडलं ते विचारलं. त्या काळी बाईचं नाव लिहिताना आधी बाईचं चिन्ह काढायचे आणि पुरुषाचं नाव लिहिताना नुसती एक उभी रेघ, हे रफीफनं टेबलावर बोटानं काढून दाखवलं. कुन्निया हे नाव बाईचंही असे, पुरुषाचंही. प्रोफेसरांनी तरुणपणी तिथं रेघ वाचली होती, आणि त्या रेघेवर पुढचं सगळं उभं होतं. कुन्निया देवळाच्या पाठशाळेचा प्रमुख, थोर कवी, बुडालेली मुलगी कुणा सरदाराची, आणि हे गीत त्यानं सांगून लिहून घेतलेलं. शुक्रवारी रफीफ पाटी तिरक्या उजेडात धरून अक्षर न् अक्षर पडताळत होती. काठाच्या अगदी कोपऱ्यावर, नावाच्या आधी, तिला बाईचं चिन्ह दिसलं. ठेचलेलं, पण दिसणारं.

"म्हणजे ते गीत एका बाईनं लिहिलं, एवढंच?" थेक्लानं विचारलं.

"त्या गीतात 'माझी' असा शब्द आहे. प्रोफेसर म्हणतात, ती सांगून लिहून घेण्याची रीत होती. मी म्हणते, तिची स्वतःची मुलगी होती."

रफीफचा कुन्नियावरचा प्रबंध आता या एका चिन्हावर उभा होता, प्रबंधावर नोकरीचा करार, आणि करारावर जर्मनीत राहण्याची परवानगी. पण थेक्लाला वाटलं, हिला त्या परवानगीपेक्षा त्या मेलेल्या बाईचीच जास्त काळजी आहे, आणि म्हणूनच हिचं काही खरं नाही.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"प्रोफेसरांना. त्यांच्या हयातभराच्या कामाबद्दलची गोष्ट, ती त्यांच्या माघारी कशी सांगायची? शुक्रवारी संध्याकाळीच त्यांच्या घरी गेले. त्यांनी केक दिला. म्हणाले, सोमवारी दाखव मला. रागावले नाहीत."

"आणि तो काठ आणखी कुणी पाहिलाय?"

"प्रोफेसरांनी, मी जन्मायच्या आधी. त्यानंतर कुणी काठ पाहिला असेल असं वाटत नाही."

४

गेझिने ओल्टहोफची खोली तळघरात होती. जाडजूड, लालबुंद हातांची बाई. तिला चोरीचा राग होताच, पण त्याहून जास्त राग मोरीचा होता. सकाळपासून पाणी उतरत नव्हतं आणि विद्यापीठाचा प्लंबर म्हणजे आठवड्यांचा वायदा.

थेक्ला मोरीकडे बघत राहिली. मग तिनं गेझिनेला विचारलं, ती पाटी भाजलेली होती का.

"नव्हती. आमच्याकडच्या निम्म्या नाहीत. नुसती वाळलेली माती. म्हणून तर मी कुणाला इथं ओल्या हातानं फिरकू देत नाही." बोलता बोलता गेझिनेनं मान वळवली. तिलाही आता मोरी दिसत होती.

तिनं स्वतःच वाकून मोरीखालच्या नळीचा वाकडा तुकडा उघडला. बादलीत फिकट पिवळसर गाळ पडला, बारीक, लोण्यासारखा मऊ. गेझिनेनं तो दोन बोटांत घेऊन चोळला आणि ती जमिनीवरच बसली.

"आमच्याकडची माती अशी नसते," ती म्हणाली. "ही तीच. कॉफीत बिस्किट बुडवावं तशी विरघळली असणार. फ्राउ ब्रुन्स, तुम्ही व्यापाऱ्यांना काही धाडू नका. विकायला काही उरलेलं नाही."

म्हणजे चोरी नव्हतीच. पाटी चोरून कुणाला हवी नव्हती, ती नाहीशी व्हायला हवी होती. थेक्लानं तिला उचलायला हात दिला, पण गेझिने बराच वेळ बादलीपासून हलली नाही. शेवटी तिनं डोळे पुसले आणि पाटीचं चित्र काढून दिलं. कीलाक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण आकार हाताला पाठ होता. चारी कोपरे गोल आणि धड. टीडमानच्या गुरुवारच्या फोटोतही ते तसेच होते.

वर टीडमान वाट बघत होता. गाळाचं ऐकल्यावर त्यानं फार शहाणपणाची गोष्ट सांगितली.

"आपला पुरावा रफीफ कशाला नष्ट करील, असं तुम्ही म्हणाल. पण समजा तिथं ते चिन्ह नव्हतंच. समजा घाईत बोलून गेली. सोमवारी प्रोफेसर पाटी मागणार आणि सगळ्यांदेखत हसं होणार. पाटीच नसली तर मात्र तिला खोटं कुणी ठरवू शकत नाही."

थेक्लाला हा माणूस आवडत नव्हता, पण त्याच्या बोलण्यात तिला खोट सापडेना. शनिवार-रविवार इमारत रिकामी होती. चौघांपैकी कुणीही येऊन जाऊ शकत होतं. आणि संध्याकाळपर्यंत विद्यापीठानं रफीफची किल्ली काढून घेतली, बाकीच्या तिघांच्या नाही.

५

प्रोफेसर वाइडलिश नदीकाठच्या घरात एकटे राहत. पाठ ताठ, आवाज मऊ, टेबलावर सफरचंदाचा केक. पाटी गेल्याचं त्यांना टीडमाननं कळवलं होतं. ते थेक्लाला म्हणाले, घरातलं कुणी गेलं की माणूस जसा इकडची वस्तू तिकडे करत राहतो, तसं त्यांचं सकाळपासून चाललं होतं.

त्यांनी रफीफबद्दल वावगा शब्द काढला नाही. उलट, पोरगी गुणी आहे, नजर चांगली आहे, फक्त थोडी उतावळी आहे, असं म्हणाले. या वयात सगळेच असतात. त्यांच्याविरुद्ध काही सापडल्याचं तिनं येऊन सांगितलं याचं तर त्यांना कौतुकच वाटलं होतं. आपल्याकडची मुलं आधी छापून आणतात आणि मग गुरूला कळतं.

"ती पाटी तुम्ही शेवटची कधी हातात घेतली होती?"

त्यांनी हात पुढे केले. बोटं कापत होती. "हे असं झाल्यापासून नाही. तीनेक वर्षं झाली. तिला माझ्या हातून काही होऊ नये म्हणून मीच लांब राहिलो."

वर्णनाचा कागद मात्र त्यांनी तयार ठेवला होता. पुस्तक न बघता, मुद्दाम आठवणीतून टाइप केला होता आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. आपली पाटी आपल्याला पाठ नसेल तर कुणाला असायची? कागद देताना त्यांनी थेक्लाला केकचा आणखी एक तुकडा बांधून दिला. ती निघाली तेव्हा तिला त्यांची दया येत होती, आणि दया आली की आपलं काहीतरी चुकतंय हे तिला जुन्या अनुभवानं माहीत होतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं चारी कागद शेजारी शेजारी मांडले. गेझिनेचं चित्र, चारी कोपरे धड. टीडमानचा उतारा प्रोफेसरांच्या पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला. त्यात काठावरची ओळ स्वच्छ, आधी पुरुषाची रेघ, मग नाव, एकही खूण नाही. रफीफचा उतारा खुणांनी भरलेला, काठावर बाईचं चिन्ह आणि त्यापुढे हॅश, म्हणजे ठेचलंय पण दिसतंय.

प्रोफेसरांचा कागद तिनं सर्वांत शेवटी घेतला, कारण त्याच्याकडून तिची काही अपेक्षा नव्हती. मधल्या दोन ठिकाणी त्यांनी प्रश्नचिन्हं घातली होती आणि बाजूला 'नक्की आठवत नाही' असं लिहिलं होतं. शेवटच्या ओळीत त्यांनी आपलीच जुनी पुरुषाची रेघ ठेवली होती. त्यात काही नवल नव्हतं. नवल पुढे होतं. ती रेघ आणि नावाचा पहिला भाग चौकोनी कंसात होता.

थेक्लानं केकचा तुकडा तोंडात घातला होता, तो तसाच राहिला.

कंस म्हणजे तिथं माती नाही. पण गुरुवारच्या फोटोत तो कोपरा जागच्या जागी होता. गेझिनेच्या चित्रात होता. स्वतः प्रोफेसरांच्या पुस्तकातही होता, आणि त्यांनी तीन वर्षांत पाटीला हात लावला नव्हता म्हणे. मग कोपरा गेल्याचं त्यांना कुठून कळलं? गाळात तर सगळंच गेलं होतं. चोराला पाटी गेलेली माहीत असते. नुसता कोपरा गेलेला, आणि बाकीची पाटी हातात, हे ज्यानं पाहिलं तो शुक्रवारनंतर आणि पाण्याच्या आधी तिथं उभा होता.

तिला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही. ती कोट चढवून नदीकाठी गेली.

७

"कंस?" प्रोफेसर म्हणाले. "अहो, आठवणीतून लिहिलं. विसरलो म्हणून घातला असेल."

"विसरलात तिथं तुम्ही प्रश्नचिन्ह घातलंय, प्रोफेसर. दोनदा. आणि बाजूला लिहिलंयही."

त्यांनी कागद हातात घेतला आणि खूप वेळ बघत राहिले. थेक्लाला वाटलं, आता ते काहीतरी हुशारीचं बोलतील. पण हा माणूस तिच्याशी दोन दिवस खोटं बोलू शकला होता, त्या कागदाशी बोलू शकत नव्हता. टाइप करताना हातानं आपोआप कंस घातला होता, आणि पुन्हा वाचताना डोळ्यांना तो बरोबरच वाटला होता.

"बरोबरच आहे ते," ते हळूच म्हणाले. "तसंच दिसत होतं."

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी ते संस्थेत गेले. पाटी नष्ट करायची नव्हती, देवाशप्पथ नव्हती. फक्त कोपरा लाकडी काडीनं थोडा झिजवायचा होता. पाट्यांचे कोपरे गळतात, कुणी कुणाला दोष देत नाही. रफीफ सोमवारी दाखवायला गेली असती, तिथं काही नसतं, आणि दोघांचंही म्हणणं कायमचं अधांतरी राहिलं असतं. एवढं त्यांना पुरलं असतं. पण बोटं कापली. कोपऱ्यासकट अर्धं नाव निघालं, आणि तिथून एक चीर सबंध पाटीत गेली. तळहातावर तुकडे होऊन पडलेली पाटी बघून ते घाबरले. तुकड्यांवर काडीच्या ताज्या खुणा होत्या. गेझिनेच्या नजरेतून त्या सुटल्या नसत्या. म्हणून पाणी.

"त्या पोरीवर येईल हे तुम्हाला दिसत होतं."

"सोमवारी दिसलं."

"आणि तुम्ही मला केक बांधून दिलात."

थेक्लाला संताप आवरेना. तिनं नोकरीत खुनी पाहिले होते, आणि त्यांच्यातल्या काहींशी तिला बोलता आलं होतं. पण एका चिन्हासाठी त्या मेलेल्या मुलीला दुसऱ्यांदा बुडवणारा हा मऊ आवाजाचा म्हातारा तिला समोर बघवेना.

तरी तिला रफीफ आठवली. अजून एक गोष्ट वाचवता येण्यासारखी होती.

"कोपरा तुमच्या डोळ्यांसमोर होता," ती म्हणाली. "तिथं काय होतं? रेघ की बाईचं चिन्ह? तेवढं मला लिहून द्या. तुमची सही असली तर त्यांना मानावं लागेल."

प्रोफेसरांनी मान वर केली. आता त्यांचे डोळे भरले होते, आणि हे रडणं खरं होतं.

"मी बघितलं नाही," ते म्हणाले. "बघितलं असतं तर मला मोडता आलं नसतं. डोळे मिटून घेतले होते मी. उघडले तेव्हा माती गेलेली होती."

"मग खोटं लिहा. निदान एकदा तिच्यासाठी खोटं लिहा."

त्यांनी खरोखर कागद ओढला, पेन उघडलं. पण पेन कागदावर टेकलं आणि तिथंच राहिलं. शेवटी त्यांनी ते खाली ठेवलं.

"न पाहिलेलं मी कसं लिहू?" ते म्हणाले.

८

पुढे जे व्हायचं ते झालं. प्रोफेसरांना दंड झाला. वय आणि प्रकृती बघून त्यापलीकडे काही झालं नाही. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. रफीफची किल्ली टीडमाननं स्वतः नेऊन दिली आणि माफी मागितली. मग प्रबंधाच्या समितीनं तिला आदरानं कळवलं की तिच्यावर कुणाचाही संशय नाही. पण जे चिन्ह पडताळता येत नाही, ज्याचा फोटो नाही, दुसरा साक्षीदार नाही, त्यावर प्रबंध उभा राहू शकत नाही. तिनं दुसरा विषय घ्यावा. विभाग वसंतात बंद होत होता, आणि दुसरा विषय घ्यायला त्याआधी वेळ नव्हता, हे समितीलाही माहीत होतं.

थेक्ला निरोप घ्यायला तिच्या खोलीवर गेली. तसं जायचं काही कारण नव्हतं. पुस्तकं खोक्यांत भरलेली होती. रफीफनं वाळवलेल्या लिंबाचा आंबट चहा केला, मोसुलला करतात तसा. प्रोफेसरांनी पेन उघडून पुन्हा खाली ठेवल्याचं थेक्लानं तिला सांगितलं. ऐकून ती रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही.

"मीही नसतं लिहिलं," ती म्हणाली.

घरी जाऊन काय करणार, असं थेक्लानं विचारलं. बहिणीच्या शाळेत जर्मन शिकवीन, असं रफीफ म्हणाली. समोरच्या इमारतीत कुणीतरी गालिचा झटकत होतं.

"लोक काही म्हणोत," थेक्ला शेवटी म्हणाली. असलं काही बोलायची तिला सवय नव्हती. "तुला तर माहीत आहे ना. तू स्वतः पाहिलंस."

रफीफनं कप दोन्ही हातांत धरला होता.

"शुक्रवारी माहीत होतं," रफीफ म्हणाली. "शनिवारीसुद्धा. आता मी डोळे मिटले की पाटी दिसत नाही, फ्राउ ब्रुन्स. मी टाइप केलेली ओळ तेवढी दिसते."

थेक्लानं चहा संपवला. तिनं उठून दाराजवळचं एक जड खोकं उचललं आणि ते खाली गाडीपर्यंत नेऊ लागली.